चेकरांचा फॉर्म

"तुम्हाला ओळखणारा, पण तुमच्याबद्दल चांगलं न बोलणारा एक माणूस. नाव, गाव, फोन नंबर."

फॉर्ममधला हा अकरावा प्रश्न. मी तो तीनदा वाचला आणि टेबलापलीकडच्या माणसाला विचारलं, "ही काय थट्टा आहे का?"

"नाही ताई," ते म्हणाले. "दहाव्या प्रश्नात तुम्ही तीन नावं दिलीत, ते तुमचे मित्र. ते चांगलंच सांगणार. नाही सांगितलं तर मित्र कसले?"

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. सातपूरच्या मागच्या वस्तीत एक संस्था मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवायची, तिथे फुकट शिकवायला आले होते. मनात असं होतं की दारातच कोणीतरी हातात हात घेईल, चहा देईल, "तुमच्यासारख्या तरुणांची गरज आहे" वगैरे म्हणेल. मिळाला चार पानी झेरॉक्स फॉर्म. चहा नंतर मिळाला, फॉर्म पुरा झाल्यावर.

त्यांना सगळे चेकर म्हणायचे. आयुष्यभर एसटीत होते, आधी कंडक्टर, मग तिकीट तपासनीस. गाडी मध्येच थांबवून चढणारा, सगळ्यांची झोप मोडणारा तो माणूस. निवृत्तीनंतर ते नाशिकरोडच्या त्यांच्या बौद्ध वसाहतीतून एक दिवस अभ्यासिकेत आले आणि संस्थेच्या अध्यक्षांना, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, त्यांना म्हणाले, "मला शिकवता येत नाही, गाता येत नाही, भाषण येत नाही. तपासता येतं." दादा मनाने मऊ. इथे मुलांबरोबर काम करायला कोण कोण येतं, त्यांची चौकशी करा म्हणाले. महिनाभरात म्हातारा कंटाळेल असं दादांना वाटलं होतं. म्हातारा कंटाळला नाही. पंधरा दिवसांत त्यांनी फॉर्म तयार केला.

अकराव्या प्रश्नात मी माझ्या कॉलेजच्या प्राचार्यांचं नाव लिहिलं. एका पत्रकापायी त्यांनी मला महिनाभर वर्गाबाहेर ठेवलं होतं. आमच्या घरात पत्रकांचा तोटा नव्हता. वडील कारखान्यातल्या युनियनचं काम करायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती मागण्यांच्या यादीवर. माझ्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, पत्रक काढणारी आणि पत्रक ज्यांच्याविरुद्ध निघतं ती. चेकर कुठल्या बाजूचे, ते मला पहिल्याच दिवशी कळलं असं मी समजले.

आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला. "प्राचार्य म्हणाले, मुलगी उद्धट आहे, ऐकत नाही, पण खोटं बोलायची नाही. कँटीनमधला पोऱ्या म्हणाला, चहाचा कप स्वतः उचलून ठेवते. या सोमवारपासून."

प्राचार्यांकडे जाऊन ते थांबले नव्हते, कँटीनमध्येही गेले होते. हीच त्यांची पद्धत. एखाद्या माणसाने आधी जिथे काम केलं असेल तिथे ते एसटीने स्वतः जायचे. साहेबाला भेटायचे, पण पाच मिनिटं. मग मागच्या बाजूला जाऊन शिपाई, वॉचमन, स्वयंपाकाच्या बाया यांच्याशी बोलायचे. "साहेबाला माणूस फक्त समोरून दिसतो," ते म्हणायचे. "भांडी घासणारीला सगळीकडून दिसतो." पोलिसांचा चारित्र्याचा दाखला त्यांना लागायचाच, पण तो हातात घेऊन ते दरवेळी एकच वाक्य बोलायचे. "हा कागद सांगतो की माणूस पकडला गेलेला नाही. बरं. पुढं?"

चौकशीला जाताना कोणी मोटारसायकलवर सोडतो म्हटलं तर बसायचे नाहीत. उद्या याचीच चौकशी करायची वेळ आली तर, असा त्यांचा हिशोब. गाडीत दाराजवळच्या सीटवर बसायचे आणि स्वतःचं अर्धं तिकीट उतरेपर्यंत हातात धरून ठेवायचे, जणू कोणीतरी चढणारच आहे.

मी त्यांच्याशी भांडायचे. सारखी भांडायचे. "हा संशय आहे, काका. माणूस गुन्हेगार ठरेपर्यंत निर्दोष असतो."

"कोर्टात," ते म्हणायचे. "कोर्टात तसंच पाहिजे. इथं मी कोणाला शिक्षा देतोय? दार उघडायच्या आधी कोण आहे विचारतोय फक्त."

"चांगली माणसं दुखावतात."

"चेकर गाडीत चढला की सगळ्यांची तिकिटं बघतो. फाटक्या कपड्याचं बघायचं आणि इस्त्रीवाल्याचं सोडायचं, असं करणारा चेकर नव्हे, त्या इस्त्रीवाल्याचा नोकर. आणि ज्याच्याकडं तिकीट असतं ना ताई, त्याला दोन मिनिटं राग येतो. मग तो तिकीट खिशात घालतो नि खिडकीबाहेर बघतो."

दर जूनमध्ये ते स्वतःचा फॉर्म नव्याने भरायचे. चारही पानं. "गेल्या वर्षीचं तिकीट या वर्षी चालतं का?" आणि तपासायला द्यायचे आमच्या आपांकडे. आपा वस्तीतल्याच, अभ्यासिकेत मुलांसाठी खिचडी करायच्या. चेकरांच्या अकराव्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं, सिन्नरचा मेहुणा. माझ्या पहिल्या वर्षी आपांनी सगळ्यांसमोर फोन स्पीकरवर टाकला होता.

"भाईसाब, आपके दाजी के बारे में पूछना था."

"आला का परत जून?" मेहुणा म्हणाला. "लिहून घ्या. घुम्या हे. हट्टी हे. माझ्या बहिणीला जन्मात एक पिक्चर दाखवला नाय. माझ्या लग्नात पंगतीत फिरून लोकांना विचारत होता, तुम्ही नवरीकडचे का नवऱ्याकडचे. दोन जण उठून गेले जेवता जेवता."

आम्ही हसून लोळायचे बाकी होतो. आपांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं. "और बच्चों के मामले में?"

"पोरांच्या बाबतीत काय नाय. माझी दोन्ही पोरं सुट्टीत त्याच्याकडंच ऱ्हायची. नेऊन सोडा म्हणून रडायची."

चेकर मान खाली घालून बसले होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "हे चुकलं. मी समोर बसलेला असताना चौकशी कसली?" पुढच्या जूनमध्ये आपा फोन करत होत्या तेव्हा ते बाहेर रस्त्यावर उन्हात उभे राहिले.

मुलांना ते आवडत नसत, हेही लिहायला हवं. अंबडच्या एका कारखानदाराला त्याचा वाढदिवस आमच्या मुलांबरोबर करायचा होता. केक, फोटो, आणि पाच मुलांना त्याच्या गाडीतून फिरवून आणणं. चेकरांनी फॉर्म पुढे केला. तो म्हणाला, "अहो, मी पाहुणा आहे." चेकर म्हणाले, "पाहुण्यांचा दोनच पानी आहे." तो निघून गेला, केकही गेला. मुलं महिनाभर त्यांना केकखाऊ म्हणत होती. मी मनातून खूश होते, पण कारखानदार अपमानित झाला म्हणून. मुलांना कोणाच्या गाडीत बसू दिलं नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

एकदा मी त्यांच्याबरोबर चांदवडला गेले होते. आमच्याकडे खेळ शिकवायला येणाऱ्या एका तरुणाची चौकशी होती. परतीच्या गाडीत त्यांनी न विचारता सांगितलं.

"या रस्त्यावर माझी ड्युटी असायची. एकदा असाच चढलो. मागून तिसऱ्या सीटवर एक माणूस, शेजारी नऊ-दहा वर्षांची पोरगी. एक पूर्ण, एक अर्धं. तिकीट बरोबर होतं. पोरगी वर बघत नव्हती. मी म्हटलं, झोप आली असेल. चांदवडला उतरलो. चार दिवसांनी डेपोत तिचा फोटो चिकटवलेला होता. हरवली आहे म्हणून."

"सापडली का?"

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी विचारलं नाही कधी. धीर झाला नाही."

ही गोष्ट मी पुढे कशी वापरली, ते सांगायचंय.

नाशिकमधल्या चळवळीतल्या सगळ्यांना तो माहीत होता. नाव इथे लिहीत नाही. खटला चालू आहे. पथनाट्यं करायचा, डफावर गायचा, कुठलाही मोर्चा असो, पुढच्या रांगेत त्याचा आवाज. दोन दिवस आत राहून आला होता, ते त्याच्यापेक्षा आम्हीच जास्त सांगायचो. मी त्याला आठ वर्षं ओळखत होते. माझी पहिली घोषणा त्याने दुरुस्त करून दिली होती. मे महिन्यात संस्थेचं सहा दिवसांचं निवासी शिबिर हरसूलकडे व्हायचं, एका शाळेच्या इमारतीत. अभ्यासिकेतली मुलं आणि आजूबाजूच्या पाड्यांवरची तीसेक मुलं. त्या वर्षी मुलांचं नाटक बसवायचं ठरलं आणि मी त्याचं नाव सुचवलं.

त्याने फॉर्म भरला. अकराव्या प्रश्नासमोर, तुमच्याबद्दल चांगलं न बोलणारा माणूस, तिथे त्याने लिहिलं, "भांडवलशाही."

आम्ही टाळ्या दिल्या. चेकरांनी चष्मा सारखा केला. "त्यांचा फोन नंबर?"

अजून हसू. चेकर हसले नाहीत. त्यांनी फॉर्म उलटा करून टेबलाच्या कडेला ठेवला. "अपुरा आहे. आणि सातव्या प्रश्नात, मागचं काम का सोडलं, इथं लिहिलंय 'वैचारिक मतभेद'. शेजारच्या जिल्ह्यातली निवासी शाळा, तीन महिने. मी जाऊन येतो."

पण त्याच आठवड्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी आठ दिवस प्रवास बंद सांगितला होता. ते दादांना म्हणाले, शिबिर एक आठवडा पुढे ढकला, नाहीतर नाटक वगळा. दादा म्हणाले, इमारत पुन्हा मिळणार नाही, पाड्यांवर निरोप गेलेत. मी म्हणाले, तुम्ही एका कार्यकर्त्याचा अपमान करताय. चेकर म्हणाले, "कार्यकर्ता आहे हे मला माहीत आहे. मुलांबरोबर कसा आहे, ते माहीत नाही."

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, थंड डोक्याने मी पत्रक लिहिलं. 'संशयाचं राजकारण बंद करा.' अर्धं पान. भाषा चांगली जमली होती, म्हणूनच आज जास्त लाज वाटते. त्यात एक वाक्य असं होतं: ज्यांना स्वतःच्या नोकरीतल्या एका जुन्या चुकीची टोचणी आहे, त्यांनी तिची शिक्षा सगळ्या तरुणांना देऊ नये. चांदवडची गोष्ट त्यांनी फक्त मला सांगितली होती.

कार्यकारिणीच्या बैठकीत पत्रक वाटलं गेलं. चेकर डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा लावून बसले होते, त्यांना वाचता येत नव्हतं. शेजारी आपा. त्यांनाही मराठी वाचता येत नव्हतं. म्हणून चेकरांनी मलाच ते वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. त्या वाक्यापाशी आवाज जरा खाली गेला, पण वाचलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "टोचणी आहे. पण फॉर्म अपुराच आहे."

दादांनी मधला मार्ग काढला. दोन कार्यकर्त्यांनी लेखी हमी दिली तर या वेळेपुरतं चालवून घेऊ. एक सही दादांची, दुसरी माझी. हमीच्या पानावर चेकरांचा एकच प्रश्न होता: 'या व्यक्तीला तुम्ही स्वतः मुलांबरोबर किती वेळ पाहिलं आहे?' मी लिहिलं, 'आठ वर्षांपासून ओळखते. आपला माणूस आहे.'

आपांनी ते पान मला त्यांच्यासाठी हळू आवाजात वाचायला लावलं, म्हणजे मीच वाचलं पुन्हा. ते म्हणाले, "ताई, मी हे विचारलं नव्हतं."

आमच्यात ही सवय आहे. आमच्यात म्हणजे चळवळींमध्ये, संस्थांमध्ये, चांगल्या म्हणवणाऱ्या सगळ्यांमध्ये. माणूस कुठल्या मोर्चात दिसला, त्यावरून आम्ही त्याच्या घरातलं, एकांतातलं, सगळं ठरवून टाकतो. 'आपला माणूस' हा आमचा चारित्र्याचा दाखला. पोलिसांचा दाखला निदान चौकीवर जाऊन आणावा लागतो.

शिबिर सुरू झालं. पहिल्या दिवशी पाड्यांवरच्या आया मुलांना सोडायला आल्या. एका बाईने मला विचारलं, "पोरीसंगं कोण कोण ऱ्हानार?" तिची मुलगी बारा वर्षांची, आवाज असा की पहिल्याच दिवशी तिला नाटकातलं मुख्य गाणं मिळालं. मी म्हणाले, "सगळी आपलीच माणसं आहेत, बाई. बघूनच ठेवतो आम्ही." ती निर्धास्त होऊन गेली.

शिबिरात चेकरांचा नियम होता, मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं, आणि दार उघडं. चौथ्या दिवशी तो मला म्हणाला, आवाजाचा सराव एकेकट्याचा घ्यावा लागतो, गोंगाटात जमत नाही. मागचा वर्ग रिकामा आहे. मी व्हरांड्यात बॅनर रंगवत होते. म्हणाले, घे ना.

दुपारी माझा फोन वाजला. चेकर. मी वाजू दिला. पुन्हा वाजला. हात रंगाने भरले होते हे खरं, पण मी हात पुसून फोन उचलला आणि आवाज बंद केला. वाटलं, भांडायला केला असेल. तिसऱ्यांदा नुसता उजेड लागला आणि विझला. तेव्हा ते शेजारच्या जिल्ह्यातल्या एका बसस्टँडवर उभे होते, आठवा दिवस उजाडताच काळा चष्मा लावून निघालेले. त्या निवासी शाळेतल्या स्वयंपाकाच्या बाईने त्यांना सगळं सांगितलं होतं. त्याला तिथून काढलं नव्हतं. जायला सांगितलं होतं. कारण तिथल्या साहेबांच्या लेखीही तो आपलाच माणूस होता.

व्हरांड्यातून मागच्या वर्गाचं दार दिसत होतं. बंद होतं. मी बॅनरवरचं शेवटचं अक्षर भरलं.

मुलीने मला काही सांगितलं नाही. संध्याकाळी भांडी घासताना आपांना सांगितलं. काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. आपा माझ्याकडे आल्या, ओले हात तसेच, आणि मला सांगितलं. मी, जी दर महिला दिनाला पत्रक लिहायची, मी पहिलं वाक्य काय बोलले? "तिला नीट कळलं नसेल, आपा."

आपांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. म्हणाल्या, "उसको समझा है. आपको नहीं समझ रहा." आणि मुलीला स्वतःजवळ घेऊन बसल्या, सकाळपर्यंत हलल्या नाहीत.

सकाळच्या पहिल्या जीपने चेकर आले. तोपर्यंत तो 'नाशिकला काम निघालं' सांगून सटकला होता. चेकर पायऱ्या चढून वर आले, माझा चेहरा बघितला आणि जे सांगायला आले होते ते सांगितलंच नाही. तिथल्या पायरीवर बसले. काळा चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा लाल झाला होता.

"कोण?" एवढंच म्हणाले.

दादा दुपारपर्यंत पोहोचले. ते वाईट माणूस नाहीत, हे मी आजही म्हणेन, आणि म्हणूनच त्यांचं बोलणं विसरता येत नाही. "संस्थेचं आयुष्यभराचं काम आहे. पोरीचंही नाव होईल गावात. आपण आपल्यातच त्याला धडा शिकवू."

"दादा, कळूनही न सांगणं हाच गुन्हा आहे," चेकर म्हणाले. "कायद्यात आहे. नसतं तरी गेलो असतो."

मुलीची आई आली तेव्हा तिने आरडाओरडा केला नाही. ती मला म्हणाली, "तुमी बघून मानूस ठेवता, म्हनाल्या होत्या."

चेकर पुढे झाले. "बघायचं काम माझं होतं, बाई. मी उशीर केला."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. सही कोणाची होती, ते सांगितलं नाही. तेव्हा मीच म्हणाले, "त्यांनी नको सांगितलं होतं. सही मी केली." आईने मुलीच्या कपड्यांची पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.

आई, मुलगी आणि आपा यांच्याबरोबर चेकर पोलिसांत गेले. त्याला दोन दिवसांनी पकडलं. मधल्या दिवशी दादा मला म्हणाले, हमीचा तो कागद फाईलमध्ये असायलाच हवा असं नाही. संध्याकाळी चेकर घरी आले, दारातच उभे राहिले. "ताई, कागद मी देणार आहे. तुम्ही आधी जाऊन सांगितलंत तर बरं." मी गेले. जबाबात 'आपला माणूस' हे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले गेले. लिहून घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "म्हणजे नेमका कोण?"

पुढे जे झालं त्याला कोणी शिक्षा म्हणणार नाही, पण झालं तसंच. पाड्यांवरून मुलं यायची बंद झाली. अभ्यासिकाही ओस पडली. वस्तीत, चळवळीत, लोक दबक्या आवाजात म्हणायचे, म्हाताऱ्याने पोलिसांत नेलं आणि चांगली संस्था बुडवली. त्याने काय केलं हे म्हणताना आवाज खाली, चेकरांनी काय केलं हे म्हणताना वर. बैठकीत चेकरांच्या आभाराचा ठराव झाला आणि त्यांना 'विश्रांती' देण्यात आली. त्यांनी कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा आपांच्या हवाली केला, सगळ्यांना जयभीम केला आणि डबा उचलून बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले. मी ठरावाच्या विरोधात एकटी हात वर केला. त्याने काही फरक पडला नाही, आणि मला त्याचा अभिमानही नाही.

माझ्यावर ते कधी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एकदा मी नाशिकरोडला त्यांच्या घरी जाऊन म्हणाले, काका, त्या पत्रकाबद्दल माफी मागायची आहे. ते भाकरी खात होते. म्हणाले, "पत्रकाचं काय. फोन उचलायला हवा होता." पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

खटला चालू राहिला. दर तारखेला ते कोर्टात जायचे. त्यांचं काही काम नसायचं, साक्ष एकदाच झाली. हरसूलची गाडी सीबीएसला यायची तेव्हा ते स्टँडवर उभे असायचे, मुलीच्या आईला घेऊन चालत कोर्टापर्यंत जायचे, दिवसभर बाहेरच्या बाकावर बसायचे. मुलीला साक्षीसाठी बोलावलं गेलं तेव्हा ते तिच्या आणि जाण्यायेण्याच्या वाटेच्या मध्ये बसले, वर्तमानपत्र पूर्ण उघडून, म्हणजे तिकडून कोण गेलं ते तिला दिसू नये. पेपर उलटा असला तरी चाललं असतं, ते वाचत नव्हतेच. त्या दिवशी साक्ष झाली नाही. पुढची तारीख मिळाली. दुसऱ्यांदाही तसंच.

गेल्या थंडीत ते गेले. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी संपलं. वसाहतीतली माणसं, आपा, मी. दादा आले नाहीत. सिन्नरचा मेहुणा भिंतीला डोकं लावून रडत होता, कोणाला आवरेना.

गेल्या महिन्यात मुलीला तिसऱ्यांदा बोलावलं. मी स्टँडवर जाऊन उभी राहिले. ती आता सोळा वर्षांची आहे. शाळा सातवीतच सुटली; हंगामात आईबरोबर दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत कामाला जाते. गात नाही, आई म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

गाडीतून उतरल्यावर तिने इकडेतिकडे बघितलं. "आजोबा नाय आले?"

मी सांगितलं. कोर्टाच्या बाहेर त्याच बाकावर आम्ही बसलो. आई मध्ये, मी कडेला. तास गेला. मग ती आईच्या पुढून वाकून म्हणाली, "सही तुमी केली होती ना?"

"हो."

"त्याला बघितला नव्हता?"

"मोर्चात बघितला होता. पोरांबरोबर नव्हता बघितला."

"मंग का केली?"

माझ्याकडे या प्रश्नावर चार पत्रकं होतील इतकं उत्तर आहे. मी म्हणाले, "चुकलं माझं. विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या चपला, हात, तोंड, सगळं सावकाश. मी खाली बघितलं नाही, तेवढं जमलं.

दुपारी पुकारा झाला. पुढची तारीख. आई पदर सावरत उठली. आम्ही स्टँडवर आलो, हरसूलची गाडी लागली होती. आई चढली. मुलगी पायरीवर थांबली.

"आई एकटी घाबरती," ती म्हणाली. "पुढच्या टायमाला तुमी या. पन आईच्या बाजूला बसा. माझ्या नको."

मी हो म्हणाले. ती आत गेली. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून माझ्याकडे बघत होती, ओळख दिली नाही.